फाइल क्रमांक सतरा

४ मार्च, सोमवार

आज फाइली आल्या. एकूण तेवीस, त्यातल्या नऊ माझ्या वाट्याला. टेबलावर चळत रचली तर समोरच्याला मी दिसेनाशी झाले. साहेब म्हणाले, "बाई, आहात का रजेवर?" साहेबांचा विनोद वर्षातून एकदा होतो, तो आज झाला.

वहीत नीट लिहून ठेवते, नंतर विसरायला होतं. नदीच्या दोन काठांवर दोन देश. दोन्ही सरकारांनी मिळून निधी काढलाय, स्वच्छ वीज सीमेपलीकडे न्यायला. आमच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत आणि वीज इतकी होते की निम्म्या चक्क्या थांबवून ठेवाव्या लागतात. पलीकडे विजेचा ठणठणाट. मग नदीखालून केबल टाका, उपकेंद्रं बांधा. पण पैसा जनतेचा, त्यामुळे कुठल्या गावाला द्यायचा हे गुण देऊन ठरवायचं. तेवीस अर्जांतून सहा निवडायचे. बाकीच्यांनी पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं, म्हणजे तीन वर्षं.

गुण देणाऱ्याला गावाचं नाव कळू द्यायचं नाही, ही इथली पद्धत. आमचे शाईकाका जाड काळ्या पेननं गाव, माणसं, रस्ते सगळं खोडतात आणि मग त्या कागदांची झेरॉक्स आमच्याकडे येते. काकांना मे महिन्यात निवृत्त व्हायचंय. हाताला इतकी सवय झालीये की परवा त्यांनी स्वतःच्या रजेच्या अर्जावरचं नावही खोडलं. ऑफिस दोन दिवस हसत होतं.

नात्यागोत्याचा फॉर्मही भरून दिला. कुटुंबातलं कोणी पलीकडच्या गावांत राहतं का? नवरा, मुलगी, सासूबाई, तिघंही इथेच. "नाही"वर टिक केली.

७ मार्च, गुरुवार

लोकांचं धाडस बघून मी आज थक्क झाले.

नियम असा की पलीकडच्या निदान चाळीस माणसांनी वीज कशाला हवी ते आपल्या हातानं लिहून द्यायचं. "स्वहस्ताक्षरात" हा शब्द ठळक छापलाय. सतरा नंबरच्या फाइलीत एकेचाळीस निवेदनं आहेत आणि सगळी एकाच हातची. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखं. ज्यानं कोणी लिहिलं त्यानं ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम बिघडवलंय, हे आंधळ्यालाही कळेल. प्रत्येकाखाली काकांचा काळा चौकोन, आणि शेवटच्या पानावर अर्धं पान भरून काळं.

वाक्यं तर नाटकातली. "लिफ्ट बंद पडते, मला पाठीवर घेऊन नेतात." "लाइट गेली की माझं रक्त मशीनमध्ये अडकून राहतं." मला हसूच आलं. आमच्या भावोजींचं डायलिसिस चार वर्षं चालू आहे, त्यामुळे यातलं मला थोडंफार कळतं. ताई सांगते, ते तिथे पेपर वाचत पडलेले असतात, नर्सबाईंशी गप्पा मारतात. रक्त कुठे अडकत नसतं. ज्यांच्या घरी डायलिसिस पाहिलेलं नाही त्यांना हे खपवता येईल, मला नाही.

शंभरपैकी एकतीस दिले. शेरा लिहिला: "सर्व निवेदने एकाच व्यक्तीने अक्षर बदलून लिहिलेली दिसतात. लाभार्थींचे अस्तित्व संशयास्पद." दोनदा वाचला. चांगला उतरलाय.

१२ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. नेमका साहेब मीटिंगला बोलवत असताना. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, महिना झाला, आणि मला आज कळतंय. मी रागावले. ती म्हणाली, "कळवून काय करणार होतीस? प्लास्टर घालायला येणार होतीस?" जिन्यावर लाइट नव्हती म्हणे, अंधारात पायरी चुकली.

"मग सगळं कसं करतेस?"

"डाव्या हातानं. भाजी चिरते, वेणी मात्र हे घालतात, ती तू बघूच नकोस. आणि गावाचं एक काम अंगावर घेतलंय, तेही डाव्यानंच उरकलं."

ताईला पहिल्यापासून लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस. काय काम ते विचारणार होते, तेवढ्यात साहेबांनी दारातून घड्याळ दाखवलं. भावोजी कसे आहेत, तर "मजेत." मी पण मजेत. फोन ठेवला.

१४ मार्च, गुरुवार

निवड बैठक झाली. प्रत्येक फाइल दोघं-दोघं तपासतात. सतराला माझ्या जोडीच्या निवृत्त इंजिनीअरबाईंनी अठ्ठ्याहत्तर दिले होते, म्हणून चर्चेला आली. त्या म्हणाल्या, "केबलचा मार्ग उत्तम आहे. सगळ्यांत कमी लांबी, सगळ्यांत जास्त गरज. आणि एका हातानं लिहिलं म्हणजे खोटंच, असं कशावरून?"

मी म्हटलं, "मॅडम, नियम स्वहस्ताक्षराचा आहे. आज यांना सोडलं तर उद्या सगळेच एकाला बसवून एकेचाळीस माणसं जन्माला घालतील."

साहेब म्हणाले, "बाईंचा मुद्दा बरोबर आहे." सतरा बाद. बाहेर पडताना साहेबांनी मुद्दाम थांबून सांगितलं, तुमच्यासारखी नाकासमोर चालणारी माणसं आहेत म्हणून ऑफिस चाललंय. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नाकासमोर चालणाऱ्याला बाजूचं दिसत नाही, जपून." ह्यांना कौतुक म्हणून करायला येत नाही.

१९ मार्च, मंगळवार

यादी लागली. नावांसकट.

सतरा म्हणजे ताईचं गाव.

मी बोर्डासमोर उभी होते आणि ते नाव वाचत होते. नाव अगदी नीट कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. किती वेळ, माहीत नाही. शाईकाका बाहेरून म्हणाले, "बाई, टाकी रिकामी व्हायला आली." त्यांनीच पाणी आणून दिलं.

जेवणाच्या सुट्टीत काकांच्या कपाटातून मूळ फाइल काढली. परीक्षकानं मूळ फाइल उघडायची नसते. दोरीची गाठ नखांनी सुटेना, शेवटी दातांनी सोडवली.

तिसरं पान. "लाइट गेली की माझं रक्त मशीनमध्ये अडकून राहतं." खाली भावोजींचं नाव, वय, आणि अंगठा. प्रत्येकाखाली अंगठा आहे, एकेचाळीस वेगवेगळे. अंगठा म्हणजे ओळख, म्हणून काकांनी खोडले. शेवटच्या पानावरचं अर्धं पान काळं म्हणजे हे होतं:

"यातले बरेच जण डायलिसिसला येणारे आहेत. कोणाच्या हातात सुई, कोणाला दिसत नाही, कोणाचा हात थरथरतो. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलंय. माझाही उजवा हात मोडलाय, डाव्यानं लिहिलंय, अक्षराबद्दल क्षमा करावी. शंका असेल तर फोन करा, किंवा या, सगळ्यांची भेट घालून देते."

खाली ताईचं नाव. पत्ता. ज्या नंबरवरून तिनं मला बारा तारखेला फोन केला तो नंबर.

नावगाव होतं, म्हणून काकांनी अख्खा परिच्छेद खोडला. नियमानंच केलं. मीही नियमानंच केलं. आणि तो फॉर्म. कुटुंबात कोण कोण, तर नवरा, मुलगी, सासूबाई. ताई आठवलीसुद्धा नाही. लग्न होऊन गेलेली बहीण कुटुंबात धरतात का, हा प्रश्नही मला पडला नव्हता. जिनं मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत बोट धरून नेलं ती.

आज याहून जास्त लिहवत नाही.

२० मार्च, बुधवार

ताईचा फोन आला. ऑफिसात असतानाच. मी जिन्यात जाऊन घेतला.

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. ती चिडली नव्हती. सुन्न झाली होती. म्हणाली, "अगं, नकाराच्या पत्रात कोणीतरी लिहिलंय की ही माणसंच नाहीत. मी काय चुकले तेच कळत नाहीये. मी तर खाली सगळं लिहिलं होतं. वाचलं नसेल का गं त्यांनी?"

मी जिन्याच्या कठड्याचा उडालेला रंग नखानं खरवडत होते.

"हे हसले. म्हणाले, बघ, मी नाहीच आहे म्हणे. आता माझा चहा तूच पी." मग तिचा आवाज फुटला. हॉस्पिटलनं आधीच सांगितलं होतं, केबल मंजूर झाली नाही तर जूनपासून डायलिसिसचा वॉर्ड शहरात हलवणार. डिझेलवर मशिनी किती दिवस चालवणार? शहर तीन तासांवर आहे. तीन तास जायला, तीन यायला, आठवड्यातून तीनदा. "हे नाही टिकायचे त्यात. चार महिनेसुद्धा नाही. तू सरकारी ऑफिसात आहेस, कोणाला विचारता येतं का बघ ना. कोण बसतं तिथे?"

मी म्हटलं, "चौकशी करते."

चौकशी करते. हेच शब्द. तोंडातून गेले आणि परत घेता आले नाहीत.

२१ मार्च, गुरुवार

ह्यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ चहाचा कप गोल गोल फिरवत बसले. मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं. माहीत नसताना केलं ती चूक, गुन्हा नाही. पण आता तोंड उघडलंस तर फॉर्म खोटा भरला हे आधी बाहेर येईल. मूळ फाइल उघडली हे त्यामागून. एकोणीस वर्षांची नोकरी आहे."

"आणि भावोजी?"

"हरकत घ्यायला दोन एप्रिलपर्यंत मुदत आहे ना? ताई घेतील की. त्या गप्प बसणाऱ्या आहेत का?"

हे ऐकून मला खूप हायसं वाटलं, हे इथे खरं लिहिते. ताईनं हरकत घेतली की सुंठीवाचून खोकला जाईल.

२५ मार्च, सोमवार

ताईची हरकत आली. साहेबांनी वाचून बाजूला ठेवली. "तेच ते, आम्ही खरे आहोत म्हणतात. चोर कधी म्हणतो का मी चोर?" मी मान डोलावली. डोलावली म्हणजे काय, माझी मान आपोआप हलली. काकांनी काय खोडलं ते त्या दोघांपैकी कोणालाच ठाऊक नाही, ना साहेबांना ना ताईला. ठाऊक आहे एकटीला मला.

मी नियमानं वागले. मी नियमानं वागले. काल स्वयंपाक करताना हे मोठ्यानं म्हणत होते, असं सासूबाई म्हणाल्या.

काकांना विचारलं, एवढा मोठा मजकूर खोडताना वाचता का हो? म्हणाले, "वाचलं तर हात चालत नाही, बाई." त्यांच्यावर ढकलता येईल, असा विचार मनात येऊन गेला. मे महिन्यात जाणारा माणूस. मला माझीच किळस आली.

२९ मार्च, शुक्रवार

काल ताईकडे गेले होते. ह्यांना म्हटलं, भावोजींना बघून येते. तेच खरं होतं, निदान निघताना. पूल ओलांडला, चौकीवर शिक्का घेतला, दहा वाजता थेट हॉस्पिटलात पोचले. अडीच तासांचा रस्ता आणि मी तीन वर्षांनी गेले.

ताईनं मला बघितलं आणि दोन पावलं मागे झाली. मग डाव्या हातानं जवळ घेतलं. म्हणाली, "कोणी गेलं का?" म्हणजे आता माझ्या येण्याचा अर्थ तेवढाच उरलाय.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. आठ पलंग, आठ मशिनी, दोन नर्स. भिंतीला फिकट हिरवा रंग, खिडकीत कोणाचे तरी धुतलेले मोजे. भावोजी खिडकीजवळच्या पलंगावर. निम्मे झालेत. मला बघून म्हणाले, "या मेहुणीबाई. मी नाहीये, पण बसा." पेपर नव्हता हातात. एका हातात दोन नळ्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत, आणि मशीनवर एक चाक गरगर फिरत होतं. शेजारच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ. त्यांचं कोणी नव्हतं.

अकराच्या सुमाराला लाइट गेली.

मी वर पंख्याकडे बघितलं, आपण घरी बघतो तसं. खाली बघेपर्यंत वॉर्डातले सगळे नातेवाईक उठून आपापल्या मशीनशी उभे होते. कोणी कोणाला सांगितलं नाही. चाकाला एक छोटी दांडी असते, ती उघडायची आणि हातानं फिरवायची. ताई शेजारच्या म्हाताऱ्यांच्या मशीनशी गेली आणि डाव्या हातानं फिरवायला लागली. तिथूनच मला म्हणाली, "तू ह्यांचं धर. बाण आहे त्या दिशेनं. सावकाश. थांबायचं नाही, थांबलं की नळीत रक्त गोठतं. मग तेवढं रक्त गेलंच."

मशिनीच्या बॅटऱ्या मेलेल्या आहेत, नर्स सांगत होती. खाली अंगणात जनरेटर खोकत होता, पकडत नव्हता.

मी फिरवायला लागले. नळीतलं रक्त माझ्या हाताबरोबर पुढे सरकत होतं. भावोजींचं रक्त. मी ज्या वाक्याला हसले ते वाक्य माझ्या हातात होतं. एक मिनिट, दोन मिनिटं. खांदा भरून आला. आणि मी बोलले. ठरवून नाही. म्हटलं, "ताई, तो शेरा माझा आहे."

"कुठला?"

"ही माणसंच नाहीत, तो. सतरा नंबर माझ्याकडे होता. तुझं खालचं लिहिलेलं आमच्याकडे खोडून येतं. मला दिसलं नव्हतं. मी लिहिलं. बैठकीत भांडून बाद केलं, ते मीच."

भावोजींनी डोळे उघडले. ताईनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला वर्णन करता येणार नाही आणि करायचाही नाही. मला रडू फुटलं, आणि माझा हात ढिला पडला.

ती म्हणाली, "हात थांबवू नकोस."

एवढंच. आम्ही दोघी पाठीला पाठ लावल्यासारख्या फिरवत राहिलो. अकरा मिनिटांनी जनरेटर लागला. चाकं आपोआप फिरायला लागली, लोक आपापल्या स्टुलांवर बसले, कोणी तरी डबा उघडला. माझा हात वर उचलेना.

जिन्यात ताईनं विचारलं, "तुला कळलं कधी?"

"यादी लागली त्या दिवशी. एकोणीसला."

तिनं बोटांवर मोजलं नाही, पण मला दिसलं की ती मोजतेय. "मी वीसला फोन केला होता," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"शेरा लिहिलास त्याचं मला काही नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. एकसारखं अक्षर दिसत होतंच." मग तिनं गळ्यातली झोळी सारखी केली. "पण मी तुला विचारलं, कोण बसतं तिथे. आणि तू म्हणालीस, चौकशी करते."

नंतर ती वर गेली. मी पुलापर्यंत एकटी आले.

१ एप्रिल, सोमवार

साहेबांना सकाळी लेखी दिलं. बहीण, फॉर्म, शेरा, मूळ फाइल उघडणं, सगळं. काकांनी नियमाप्रमाणेच खोडलं हेही लिहिलं. साहेब वाचता वाचता उभेच राहिले. "बाई, आज एक एप्रिल आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, तारखेचा काही संबंध नाही. मग ते बसले आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू मी कोणी दुसरीच आहे.

दुपारी मूळ फाइल टेबलावर आली. इंजिनीअरबाईंना बोलावलं. त्यांनी ताईचा खालचा मजकूर मोठ्यानं वाचला आणि चष्मा काढून ठेवला. शाईकाका दारात उभे होते. त्यांनी आपली दोन्ही पेनं साहेबांच्या टेबलावर ठेवली, कोणी मागितली नव्हती.

मला उद्यापासून घरी बसायचंय, चौकशी संपेपर्यंत. ह्यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "जेवलीस का?"

३ एप्रिल, बुधवार

साहेबांनी स्वतः फोन करून कळवलं, असं करायची त्यांना गरज नव्हती. सतरा नंबर पुन्हा उघडलाय. दोन नवे परीक्षक नऊ तारखेला प्रत्यक्ष जाणार, वॉर्डात बसून एकेकाला भेटणार. सहाव्या जागेवरचा अर्ज खाली सरकून सतराला जागा होऊ शकते. खात्री नाही म्हणाले, पण इंजिनीअरबाईंना आशा आहे.

लगेच ताईला फोन लावला. भावोजींनी उचलला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. नऊ तारखेला येतायत, सगळे एकेचाळीस हजर असू देत, ताईला सांगा. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं केलंत," म्हणाले. नोकरीचं विचारलं, मी म्हटलं बघू.

"ताईला देता का जरा?"

ते म्हणाले, "झोपलीये हो ती. रात्री जागरण झालं."

त्यांच्या मागे ताई कोणाशी तरी बोलत होती. नऊ तारखेला कोणाला कोण घेऊन येणार, लिफ्ट बंद पडली तर कोण उचलणार, असं काहीतरी. मला तिचा एकेक शब्द ऐकू येत होता.

मी म्हटलं, "झोपू दे. उठवू नका."